वेणी सुटते म्हणून घट्ट आवळताय? आधी पेड बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी चौथीत, शाळेत दोन वेण्या वर दुमडून रिबिनी बांधायची सक्ती, मधल्या सुट्टीपर्यंत एक वेणी हमखास सुटलेली असते म्हणून तुम्ही रोज आधीपेक्षा जास्त आवळून घालता, आणि आता कानशिलाजवळ केस विरळ दिसायला लागलेत, संध्याकाळी डोकं दुखतं म्हणते. आणि वरून शाळेनेच 'वेणी कुठे कुठे दिसते' असं प्रोजेक्ट दिलंय. मी अलिबागजवळ सत्तावीस वर्षं पार्लर चालवते, लग्नाच्या नवऱ्या, शाळेच्या गॅदरिंगच्या पोरी, भरतनाट्यमच्या मुली सगळ्यांच्या वेण्या घातल्यात, त्यामुळे जरा लांबण लावून लिहिते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे.

ती गोष्ट म्हणजे ताण. वेणी आवळल्यामुळे टिकत नाही, तिन्ही पेडांवर ताण सारखा असला की टिकते.

हे नुसतं बोलून कळत नाही, उद्या सकाळी सुटलेल्या वेणीकडे नीट बघा. बहुतेक वेळा एक पेड सरळ दोरीसारखा मधून खाली गेलेला दिसेल आणि बाकीचे दोन त्याच्याभोवती नुसते गुंडाळलेले. म्हणजे ती वेणी झालीच नाही. एक पेड बारीक घेतला गेला किंवा एका हाताने जास्त ओढला गेला की तो सरळ होतो, आणि सरळ पेडावरून बाकीचे दोन घसरतात. मग आपण काय करतो, सगळीच वेणी अजून ओढतो, तो सरळ पेड अजून सरळ होतो आणि सगळा ओढा मुळांवर जातो, म्हणजे वेणी सुटायची ती सुटतेच आणि वर केसांची मुळं दुखतात ती वेगळीच. बहुतेक आयांचा उजवा हात जोरात चालतो म्हणून नेहमी एकाच बाजूची वेणी आधी सुटते, तुमचंही तसंच होत असणार, बघून सांगा.

आधी कानशिलाचं बोलते कारण ते थांबवायला हवं. केसांच्या मुळाशी रोज रोज ओढा बसला की तिथले केस आधी बारीक होतात, तुटतात, कधी मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात, भांगाजवळची आणि कानशिलाची रेषा मागे सरकते. स्किनचे डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं आणि ओढा थांबवला तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर मूळच बंद होतं आणि तिथे मग केस उगवत नाहीत. जगभर हे घट्ट वेण्या घालणाऱ्या, वजनदार गंगावन लावणाऱ्या बायका-मुलींमध्ये दिसतं. रोज ५० ते १०० केस गळणं हे नॉर्मल आहे, ते सगळ्या डोक्यातून गळतात, पण एकाच जागी विरळ होणं वेगळं. म्हणून एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच, मी केसांचं काम करते पण औषध सांगणार नाही. आणि घाबरू नका, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे आज ओढा थांबवला तरी फरक दिसायला तीन-चार महिने जातील, तोवर रोज आरशात बघून पोरीला 'अजून आले नाहीत' असं म्हणत बसू नका.

आता घालायची कशी. केस ओले असताना वेणी अजिबात नको. ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि वाळताना परत आखडतो, म्हणजे सकाळी नीट वाटलेली वेणी दहा वाजता आपोआप घट्ट झालेली असते. शाम्पूच्या दिवशी केस सुळसुळीत असतात, त्या दिवशी वेणी सुटणारच, रविवारी न्हाणं आणि सोमवारी शाळा हे जुनं वेळापत्रक उगाच नव्हतं. तेल अगदी थोडं, तळहातावर चोळून नुसता हात फिरवायचा. तेल थापलं की परत घसरतं.

गुंता काढताना टोकाकडून सुरू करून वर जायचं. केसावर कौलारू घराच्या कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले, त्यामुळे खालच्या दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला तर खरखरीत. हीच खरखर वेणी धरून ठेवते. स्ट्रेटनिंग केलेल्या केसांची वेणी राहत नाही त्याचं कारण पण हेच.

मग भांग. रोज एकाच जागी पाडू नका, आज मधे, उद्या अर्धं बोट डावीकडे, परवा उजवीकडे. दोन भाग झाले की एका भागाचे तीन पेड करताना घाई नको, बोटांनी चाचपून बघा, तिन्ही सारखे जाड हवेत, मी तर अजूनही डोळ्यांवर विश्वास न ठेवता अंगठा आणि पहिल्या बोटात धरून बघते. पहिले दोन पेड एकमेकांवर टाकताना डोक्यापासून एक बोट जागा सैल ठेवा. आवळायला सुरुवात तिसऱ्या वेळेपासून. आणि ओढायचं ते खाली, मानेच्या दिशेने, बाहेर किंवा वर नाही. बाजूचा पेड मधे आला की दोन्ही हात एकदा थांबवून तिन्ही पेड सारखे ताणून घ्यायचे, मग पुढचा. सुरुवातीला वेळ लागेल, आठवड्यात हात बसतो.

वेणी कानाच्या वरून सुरू करू नका, कानाच्या मागून, जरा खालून करा. तुमच्या मुलीच्या कानशिलाचा खरा शत्रू ती वर दुमडलेली वेणी आहे, कारण दुमडून वर बांधली की सगळं वजन आणि रिबिनीची ओढ कानशिलावर येते. दुमडायची तर ज्या बाजूची वेणी त्याच बाजूला, तिच्याच मुळाशी सैल बांधायची, या बाजूची उचलून त्या बाजूला नेऊ नका. आणि रिबीन शेवटी बांधण्यापेक्षा आमच्या आया घ्यायच्या तशी मधूनच पेडात घ्या, म्हणजे वेणी अर्ध्यावर आली की रिबीन मधोमध दुमडून तिची दोन टोकं दोन पेडांबरोबर धरायची आणि शेवटपर्यंत तशीच घालत जायची, खाली त्याच टोकांची गाठ. ही वेणी मधल्या सुट्टीत काय, संध्याकाळपर्यंत सुटत नाही. नुसतं रबर लावू नका, केस कापले जातात, कापड गुंडाळलेलं लावा.

झाल्यावर तपासायचं कसं, तर कानशिलापाशी आपली करंगळी केसांखाली सरकवायची, सहज गेली पाहिजे. आणि मुलीला भुवया वर करायला सांगायच्या. कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर सोडा आणि परत घाला. हे करंगळीचं मी एका नवरीकडून शिकले. सुरुवातीची वर्षं होती, अंबाडा हलू नये म्हणून मी केस इतके ताणले, वर गंगावन, वर फुलं, की मंगलाष्टकांच्या वेळी त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून रडते. जेवणाच्या पंगतीच्या आधी तिने मला आत बोलावून हात धरून सांगितलं की मावशी हे सोडा, डोकं फुटतंय. ते मला अजून आठवतं. त्यानंतर माझ्या हातून करंगळी न सरकवता एकही नवरी बाहेर गेली नाही.

आता प्रोजेक्टचं, आणि इथेच मला जास्त सांगायचंय.

मला सागरवेणी पार्लरच्या कोर्सने शिकवली, पण समजली ती कांद्याच्या खळ्यावर. आमच्याकडचा पांढरा कांदा तुम्ही बाजारात बघितला असेल, माळा करून टांगलेला. २०२२ मध्ये त्याला जीआय मिळालं, म्हणजे अलिबागचा पांढरा कांदा हे नाव आता कायद्याने राखलेलं आहे. भात कापून झालं की त्याच जमिनीत हा कांदा लावतात, काढल्यावर पात कापून टाकत नाहीत, पातीसकट वाळवतात आणि त्या पातीचीच वेणी घालून माळ करतात. माझ्या सासूबाई हे काम भल्या पहाटे करायच्या, दव असताना, कारण ऊन चढलं की वाळलेली पात कडकडीत होऊन मोडते आणि ओलसर असताना माळ केली तर आतून कुजते, मधली जी मऊ अवस्था असते ती पहाटेच मिळते. त्या तीन कांद्यांच्या पाती घेऊन पहिला तिढा घालायच्या, मग एक पेड मधे आणला की त्याच्याबरोबर नवीन कांद्याची पात जोडायची, मग दुसऱ्या बाजूचा पेड, त्याच्यात नवीन कांदा. जुनी पात संपत जाते आणि नवी तिची जागा घेत जाते, म्हणून पेडाची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी शेजारी बसून बघत होते आणि मला एकदम दिसलं की ही तर सागरवेणी आहे! सागरवेणीतपण आपण असंच करतो ना, पेड मधे आणला की डोक्यावरचे थोडे नवे केस त्यात घ्यायचे. ज्यांची सागरवेणी वर बारीक आणि मानेपाशी एकदम जाड होते त्या प्रत्येक वेळी सारखे केस घेत नाहीत, एवढंच. सासूबाई माझ्या हातातली माळ उचलून नुसती टांगून बघायच्या, एका बाजूला वळली की म्हणायच्या, "उजवीकडून जास्त ओढतेस." त्यांनी आयुष्यात पार्लरची पायरी चढली नाही, पण माझ्या हाताची चूक त्यांनीच काढली. टांगल्यामुळे कांद्याला चारी बाजूंनी हवा लागते आणि तो टिकतो. तुमच्या मुलीला बाजारात नेऊन अशी एक माळ विकत घेऊन द्या, आणि हलक्या हाताने सोडून परत घालायला सांगा. प्रोजेक्टचं अर्धं काम तिथेच होईल.

दुसरी गोष्ट तिला समजावून सांगा ती पीळ आणि वेणीतला फरक, कारण मोठी माणसंही हे दोन्ही एकच समजतात. दोर वळतात, त्याची वेणी घालत नाहीत. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख, म्हणजे तंतू, घेऊन आधी एका दिशेने पीळ द्यायचा, मग असे दोन-तीन पेड एकत्र करून उलट दिशेने वळायचे. आतला पीळ उलगडायला बघतो आणि बाहेरचाही, पण दोघांच्या दिशा उलट, म्हणून ते एकमेकांना अडवून धरतात. बैलाचा कासरा, दावं, विहिरीवरचा दोर सगळे या नियमाने. ही युक्ती किती जुनी असावी, फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास नावाच्या ठिकाणी निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या आदिमानवांच्या वस्तीत एका दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा जेमतेम ६ मिलिमीटरचा तुकडा सापडला, २०२० मध्ये त्यावर शोधनिबंध आला, झाडाच्या आतल्या सालीचे तीन धागे एका दिशेने पिळलेले आणि तिघं मिळून उलट दिशेने वळलेले, वय ४० हजार वर्षांहून जास्त. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. आणि हे केसांतही चालतं बरं का. दोनच पेड घ्या, दोन्ही उजवीकडे पिळा आणि एकमेकांवर डावीकडे गुंडाळत जा, मस्त दोरवेणी होते. दोन्ही एकाच दिशेला केलं तर हात सोडताच सगळं उलगडतं. रोज तिपेडीचा कंटाळा आला तर सुट्टीच्या दिवशी ही घाला, मुळावर ओढा कमी बसतो.

गोफ तर तिला दाखवायलाच हवा. आपल्याकडे गोफ म्हणजे विणलेली दोरी, सोन्याचा गोफ पण असतो गळ्यातला, आणि पटवेकरी लोक रेशमाचे गोफ विणून त्यात दागिने ओवून देतात. पण मी सांगतेय तो नाचाचा गोफ. माझी मावशी काणकोणला असते, गोव्यात शिगम्याला मी तो बघितला. वर मधोमध रंगीत दोऱ्या बांधलेल्या असतात, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक दोरी, गाण्यावर एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरत जातात आणि वर डोळ्यांदेखत वेणी तयार होत जाते. आणि मग तेच पाय उलट क्रमाने टाकत पूर्ण वेणी सोडतात, शेवटी सगळ्या दोऱ्या मोकळ्या. एकाने पाऊल चुकवलं तर सोडताना गाठ बसते. आणि एकाने आपली दोरी ओढून धरली तर वरची सगळी वेणी त्याच्याकडे कलते, मी खाली उभी राहून बघत होते आणि मला सासूबाईंची माळ आठवत होती. आपल्याकडे शाळांच्या गॅदरिंगला पण टिपऱ्यांबरोबर गोफ बसवतात, तुमच्या मुलीच्या शाळेतल्या जुन्या बाईंना विचारा, येत असेल कोणाला तरी.

जपानमध्ये याच विचारावर अख्खी कला आहे, कुमिहिमो म्हणतात, रेशमाचे गोफच ते, किमोनोच्या पट्ट्यावर बांधायला वापरतात. गोल लाकडी स्टूलासारखं साधन असतं, त्याच्या कडेवरून धागे खाली सोडलेले आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला सारख्या वजनाची फिरकी. म्हणजे ताण सारखा ठेवायचं काम त्यांनी वजनालाच देऊन टाकलं, हाताने फक्त जागा बदलायच्या. किती साधं आणि किती हुशार!

निसर्गातलं मात्र जपून लिहायला सांगा, कारण तिथे बरंच काही वेणीसारखं दिसतं पण वेणी नसते. नर्सरीत मनी ट्री म्हणून वेणीच्या खोडाचं झाड मिळतं ना, ते तसं उगवत नाही, तीन-चार-पाच रोपं कोवळी असताना माणूसच त्यांची वेणी घालतो आणि मग खोडं तशीच जाड होतात. ब्रह्मपुत्रेचं पात्र वेणीसारखं म्हणतात, नकाशात किंवा उपग्रहाच्या फोटोत बघा, खूप सुंदर दिसतं, एक प्रवाह फुटून अनेक होतात, मधे वाळूची बेटं, पुढे परत एक होतात. हिमालयातून प्रचंड गाळ येतो, पुराचं पाणी कमी-जास्त होतं, काठ मऊ असतात म्हणून नदी स्वतःच टाकलेल्या गाळाला वळसा घालत राहते. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्या काळ्या दगडातून जातात त्यामुळे असं पात्र सहसा दिसत नाही. पण मी कारागीर म्हणून सांगते, ब्रह्मपुत्रेच्या वेणीत एकही पेड दुसऱ्याच्या वरून जात नाही, नुसते फुटतात आणि मिळतात. वेणीत पेड शेवटपर्यंत वेगळा राहतो, हा फरक तिने लिहिला तर बाई खूश होतील.

नदी आणि वेणीचं नातं आपल्या भाषेत मात्र फार जुनं आहे. त्रिवेणी संगम, कृष्णेला कृष्णावेणी. आणि प्रयागला वेणीदान असतं, आपल्या मराठी बायका पूर्वीपासून करत आल्यात. संगमावर नवरा बायकोची वेणी घालतो, टोकाची बट कापून पाण्यात सोडतात, ती तरंगत नाही, बुडते असं मानतात. माझ्या सासूबाईंनी केलं होतं ते. परत आल्यावर कितीतरी दिवस सांगत होत्या की सासऱ्यांना वेणी घालता येत नव्हती, शेजारच्या बाईने कसं शिकवलं, आणि त्यांनी घातलेली ती वाकडीतिकडी वेणी सोडायचं मन होत नव्हतं म्हणून त्या गाडीत तशीच ठेवून घरापर्यंत आल्या.

बाकी जगाच्या वेण्यांवर लिहायचं तर नामिबियातल्या हिम्बा लोकांचं एक घ्या, तिथे लहान मुलींच्या दोन वेण्या मागे नसतात, पुढे चेहऱ्यावर सोडलेल्या असतात, आणि मोठ्या बायका वेण्यांना लाल मातीत लोणी मिसळून लेप लावतात. वेणी बघून मुलगी कुठल्या वयाची ते कळतं.

शेवटचं, गणिताचं, हे करायला सोपं आहे आणि वर्गात भाव खाऊन जाईल. वेणीचं गणित एमिल आर्टिन नावाच्या गणितज्ञाने १९२५ मध्ये मांडलं. त्यातला एक तुकडा चौथीच्या मुलीलाही जमतो. लोकरीचे तीन तुकडे खुर्चीच्या पाठीला बांधा आणि साधी तिपेडी घालायला सांगा, उजवा मधे, डावा मधे, प्रत्येक वेळी मोजत. बरोबर ६ वेळा झालं की तिन्ही पेड जिथून निघाले त्याच जागी परत आलेले असतात. बारा झाले की परत, अठरा झाले की परत. मग गोफासारखं उलट क्रमाने सोडायला सांगा. लोकर तीन वेगवेगळ्या रंगांची घ्या, एकाच रंगाची घेतलीत तर कोण परत आलं ते दिसणार नाही, आणि जाडी तिन्हीची एकच हवी, त्यातही एक बारीक घेतलीत तर तो सरळ मधून खाली जाईल, तिच्या वेणीतल्यासारखा.